माठाखालचा ठोकळा

माणहून चिंचवडला निघालो त्या सकाळी आबा घराच्या मागच्या भिंतीचे दगड बाजूला रचत होते. पावसाळ्यात ती भिंत बसली होती. हात झटकून त्यांनी माझी वळकटी खांद्यावर घेतली आणि पांदीच्या टोकापर्यंत आले. "भिंत पक्की हुबी करू, मंग तू हितंच ऱ्हा," एवढंच म्हणाले.

चिंचवडला तेव्हा कामगारांच्या चाळी उठत होत्या आणि मला काम मिळालं ते ठोकळे पाडायचं. तांबडी माती, बॉयलरची राख, थोडं सिमेंट, पाण्याचा हबका. सगळं लोखंडी साच्यात भरायचं आणि दांडा दाबायचा. दिवसभर तोच दांडा. संध्याकाळी भाकरी मोडायलाही बोटं वळायची नाहीत. तुमच्यातले जे माझ्यासारखे इकडे आले त्यांना हे वेगळं सांगायला नको. गावाकडच्यांना मात्र मी पत्रात 'मजेत आहे' असंच कळवत आलो. ते खोटं होतं.

दोन वर्षांनी रजा काढली आणि राख, सिमेंटची पोती एसटीच्या टपावर टाकून, फाट्यापासून बैलगाडीत घालून घरी गेलो. आई माती चाळायची, आबा कालवायचे, मी लाकडी साच्यात ठोकून ठोकळे पाडायचो. आठ दिवसांत भिंतीपुरते झाले. रजा संपली. निघता निघता आबांना सांगितलं, तीन आठवडे सावलीत ठेवा, गोणपाट टाका, रोज पाणी मारा. त्यांनी मान हलवली. मी एसटीच्या घाईत होतो.

आबांनी जन्मभर मातीच्या कच्च्या विटा पाडलेल्या. त्यांच्या लेखी भिजलेली वीट म्हणजे वाया गेलेली वीट. महिन्याने गेलो तर हौसेने अंगणात घेऊन गेले. "चारी अंगांनी उन्हात वाळवल्यात बघ. येकालाबी थेंब लागू दिला न्हाई."

मी एक उचलला. त्याची कड हातातच भुगा झाली. दुसऱ्याचंही तेच.

मी ओरडलो. शेजारीपाजारी ऐकत असताना, स्वतःच्या बापावर. आबा खाली बसले. "कच्च्या इटंला पानी मारत्यात व्हय रं?" हळूच म्हणाले. सिमेंटला पाणी का लागतं हे सांगायला मी पाच मिनिटं थांबलो नव्हतो. चूक माझी होती हे मला तेव्हाच कळलं होतं, पण तोंडातून निघालं नाही.

मागची भिंत पुन्हा दगडमातीचीच झाली. मी चिंचवडलाच राहिलो. आबांनी परत कधी 'हितंच ऱ्हा' म्हटलं नाही.

ते गेले. तेराव्यानंतर घर आवरताना मी पाण्याचा माठ हलवला, तर खाली आमचाच एक ठोकळा. माठ त्याच्यावर सतत पाझरत राहिलेला. मी कोयत्याची पाठ हाणली. टवकासुद्धा उडाला नाही.

"माठ हालत व्हता म्हून तू गेल्याव पयल्याच दिशी ठिवला म्या त्यो," आई म्हणाली.

"हा एवढा पक्का झालाय हे आबांना माहीत होतं?"

"व्हय. रोज हात लावून बघायचं. तुला सांगा म्हनलं, तर म्हनायचं, नगं, प्वार लई दमून येतंय."

आता वय झालं, दमायलाही कंटाळा येतो. चिंचवडच्या माझ्या खोलीच्या चारही भिंती माझ्याच हातच्या ठोकळ्यांच्या आहेत, पण घर म्हटलं की मला माणचा तो एकच ठोकळा दिसतो. त्या दिवशी मी माठ पुन्हा त्याच्यावर ठेवला, काठोकाठ भरला आणि एसटी धरली.