कमलाक्कांची विहीर आणि माझी गच्ची

नंदे, आधी तो मोबाइल पालथा घाल आणि अशी जवळ ये. कागदावरून बोलत असले तरी माझं बोलणं जवळूनच ऐकायचं असतं. मागच्या खेपेला राजाजीनगरला आलीस, माझ्या स्वयंपाकघरात बसलीस, माझ्या तांब्यातलं पाणी प्यालीस आणि म्हणालीस काय, तर कमलाक्कांच्या विहिरीचं पाणी किती गोड आहे गं मावशी. माझ्याच घरात बसून हे. एवढी घोडी झालीस, कोणापुढं कोणाचं कौतुक करावं हे कळायला नको? त्या बाईला तू पाहिलंसुद्धा नाहीस. म्हणून सांगते, ती कोण होती ते नीट ऐकून घे.

कमलाक्का आमच्या भिंतीपलीकडच्या. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलंच, त्यामुळं बोलण्यात निम्मं कन्नड. सकाळी चहाच्याही आधी पदर खोचून विहिरीत वाकून बघायच्या आणि विचारायच्या, “सरी, आहेस ना?” सरी म्हणजे कन्नडातलं ‘बरं’. जशी काही आत थोरली बहीण निजली आहे. मी इकडं खिडकीतून बघायची. माझा चहा गार व्हायचा, पण नजर हलायची नाही.

ह्यांची कारखान्यातली नोकरी म्हणून मी लग्न होऊन इकडं आले, तेव्हा गल्लीत घरोघरी विहीर होती. आमच्याही साइटवर, म्हणजे प्लॉटवर, होती. मग नळ आले, बोअर आले, आणि जमिनीच्या फुटाफुटाला भाव आला. विहीर म्हणजे वाया गेलेली जागा असं ज्याला त्याला वाटू लागलं. सगळ्यांनी बुजवल्या. आम्हीही बुजवली आणि तिच्यावर भाडेकरूची खोली चढवली. कमलाक्का तेवढ्या हटून बसल्या. आम्ही बायका हळहळायचो, की एवढ्या जागेत दोन खोल्या निघाल्या असत्या, बाईला व्यवहार कळत नाही. आणि मग उन्हाळ्यात आमचे बोअर वारा ओकायला लागले. टँकरवाला फोन उचलेना. व्यवहार न कळणारी बाई एका उन्हाळ्यात गल्लीची राणी होऊन बसली.

राणीचा नियम एकच. मोटार लावायची नाही, पाइप टाकायचा नाही, ज्याला हवं त्यानं दोरानं शेंदून न्यायचं. म्हणायच्या, “हाताला ओझं लागलं की माणूस मापात घेतो. मोटारीचे कुठं खांदे दुखतात?” नाही मात्र कोणालाच म्हणायच्या नाहीत. एकदा तरी कोणाला हाकललं असतं तर मला बोलायला जागा झाली असती. तीही सोय नाही. वर आमचे हे. माझ्या हातच्या चहाला जन्मात कधी बरा म्हणाले नाहीत, आणि त्या पाण्याचा केला की मुकाट्यानं दुसऱ्यांदा कप पुढं.

पण खरी जळले मी नातीच्या वेळी. आपल्यात बाळंतीण पहिल्यांदा बाहेर पडते ती विहिरीवर. गंगेला हळदकुंकू लावायचं, ओटी भरायची, लहानशी कळशी भरून घरी आणायची. गल्लीतल्या सगळ्या बाळंतिणी कमलाक्कांकडं जायच्या. मी म्हटलं, आमची सून नाही जाणार. आमच्या घरची गंगा आमच्याच घरी. बोअरच्या पाइपला मी हळदकुंकू लावलं, खणनारळ ठेवला, हार घातला, सुनेला पाटावर उभी केली आणि ह्यांना मोटार लावायला सांगितली. पाइप आधी खोकला, मग त्यानं असा काही वारा सोडला की हार उडून भाडेकरूच्या स्कूटरवर जाऊन पडला. पाण्याचा टिपूस नाही. सून खाली मान घालून म्हणाली, “आई, चला ना कमलाक्कांकडं.”

गेलो. कमलाक्कांनी भिंतीवरून सगळं पाहिलं होतं. कळशी स्वतः शेंदून दिली आणि मला म्हणाल्या, “शालू, स्वल्प बस. दमलीस.” एखादा टोमणा मारला असता तर सोसला असता गं. ते ‘दमलीस’ मला अजून टोचतं.

आता गच्चीचं ऐक. कमलाक्कांना एक नाद होता. पावसाळा आला की घरोघर जाऊन विचारायच्या, तुमच्या गच्चीचं पाणी कुठं जातं? गटारात जातं म्हटलं की सांगायच्या, इकडं सोडा की. विहिरीपाशी त्यांनी वाळू-खडीचं पिंप मांडलं होतं, त्यातून गाळून पाणी आत जायचं. एकेका घराचा पाइप भिंतींवरून तिकडं वळला. माझ्याकडंही दर पावसाळ्यात यायच्या. मी दर पावसाळ्यात काहीतरी सांगायची, प्लंबर गावाला गेलाय, ह्यांची पाठ दुखतेय. मनात एकच. विहीर हिची, मान हिचा, आणि आता माझ्या डोक्यावरचा पाऊसही हिलाच हवा.

मग शहरातल्याच हेब्बाळहून त्यांचा मुलगा श्रीधर आला, कंत्राटदाराला घेऊन. अक्कांच्यानं जिने चढवत नव्हते, त्यांना तो आपल्या लिफ्टवाल्या फ्लॅटवर नेणार होता. इथलं घर भाड्यानं द्यायचं, आणि भाडेकरूला गाडी लावायला जागा हवी, म्हणून विहीर बुजवायची. गल्ली गोळा झाली. श्रीधर शांतपणे म्हणाला, की विहीर आमची, आमच्या जागेत आहे, तुमच्या सगळ्यांच्याही होत्याच की. खोटं कुठं होतं ते?

कमलाक्का विहिरीच्या काठाला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, “दगड आपले आहेत बाळ, हवे तर काढून ने. पाणी ह्यांच्या गच्च्यांचं आहे. ते कुठं नेऊन देतोस त्यांना?”

तेव्हा मला उमगलं. इतकी वर्षं मला वाटायचं ही बाई सगळ्यांचं पाणी स्वतःकडं ओढतेय. ती आपली विहीर थोडीथोडी करून सगळ्यांना वाटून टाकत होती, म्हणजे पुढं एकट्या कोणाला ती बुजवता येऊ नये.

श्रीधर हुशार. तो माझ्याकडं वळला. “शालूमावशी, तुम्ही सगळ्यांत जवळच्या. तुमचा पाइप तर इकडं येतच नाही. तुम्हीच सांगा, तुमचं काय जातंय?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कमलाक्का तेवढ्या बघत नव्हत्या, त्या विहिरीत बघत होत्या. आणि मी म्हटलं, “माझी गच्ची ह्या गल्लीत सगळ्यांत मोठी आहे. पाऊस लागला की ह्या विहिरीत सगळ्यांत जास्त पाणी माझं पडणार आहे. मला विचारल्याशिवाय तू बुजवणार कशी?”

उपकार म्हणून नाही बोलले. बाकीच्या सगळ्या घरांचा त्या पाण्यावर हक्क आणि माझा नाही, हे मला तिथल्या तिथं सोसवेना. कमलाक्का खुदकन हसल्या. “हे तुझ्या तोंडून यायला किती पावसाळे घालवलेस गं.” प्लंबर त्याच आठवड्यात सापडला. श्रीधरनं विहिरीवर लोखंडी जाळी बसवून दिली. भाडेकरू गाडी रस्त्यावर लावतो.

कमलाक्का हेब्बाळला गेल्या. इतक्या उंच मजल्यावर, की खिडकीतून तळं दिसायचं आणि घरात पाणी टँकरचं. पाऊस झाला की फोन यायचाच. “पडलं का गं तिकडं? तुझ्या पाइपानं किती आणलं?” मी वाढवून सांगायची. गेल्या वर्षी ऐन पावसात गेल्या. त्या दिवशी इकडं धो धो कोसळत होतं. मी पाइपापाशी उभी राहिले, फोन हातात धरून. सांगायला कोणी नव्हतं.

आता सकाळी विहिरीत वाकून मीच बघते, आहेस ना म्हणून विचारतेही. पिंपातली वाळू मी बदलते, दोर मी आणते, सगळ्यांत जास्त पाणी माझ्या गच्चीचं. आणि कळशी घेऊन येणारी प्रत्येक बाई म्हणते, कमलाक्कांच्या विहिरीवर जाऊन येते. गेली तरी मान तिचाच. जळू नको तर काय करू?

तुझं बाळ आता महिन्याचं होईल. पुण्यातल्या नळाला हळदकुंकू लावत बसू नकोस, तो खेळ मी करून पाहिलाय. बाळाला घेऊन लवकर इकडं ये. कळशी घासून ठेवली आहे, मीच शेंदून देईन. पाणी प्यालीस की काय म्हणायचं ते म्हण. नाव तिचं घेतलंस तरी चालेल. फक्त ये, पाऊस लागायच्या आत.