दुर्गाकाकूंचा पाट

कुठेही सभा असली की दुर्गाकाकू घरून पाट घेऊन जायच्या. जेवायला बसायचा तोच, शिसवी, कडेला पितळी फुल्या असलेला. काखेत मारून निघायच्या आणि सगळ्यांच्या पुढे, व्यासपीठाला नाक लागेल अशा जागी टेकायच्या. स्वयंसेवक म्हणायचे, "काकू, मागे सतरंजी घातलीय की." काकू म्हणायच्या, "तुमच्या सतरंजीवर बसलं की तुमचं पटवून घ्यावं लागतं. माझं बसायचं मी आणलंय."

मुलुंडला त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही भाड्याने राहायचो. माझ्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. हे एका कारखान्यात कामाला. मी सावंतवाडीकडच्या खेड्यातली, चौथीत शाळा सुटलेली, आई लहानपणीच गेलेली. इथे मला सगळ्याचीच भीती वाटायची, दूधवाल्याशी बोलायचीसुद्धा. काकूंचे यजमान कचेरीत हेडक्लार्क होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोरबाळ नव्हतं. दुपारी त्या मला ओटीवर बसवून वर्तमानपत्र वाचायला लावायच्या. मी अडले की थांबायच्या, हसायच्या नाहीत. आज हे चार शब्द लिहिते आहे ते त्या दुपारींमुळे.

मी वाचायची आणि काकूंची मतं चालायची. तेव्हा जो तो एकच बोलायचा, मुंबई कोणाची. काकू म्हणायच्या, "आमचीच. त्यात विचारायचं काय? पण भांडता भांडता घरात कोण आजारी आहे ते बघाल की नाही?" सरकारने खर्चात काटकसर जाहीर केल्याची बातमी मी वाचली, तेव्हा शेंगा सोलणारा त्यांचा हात थांबला. "माझ्या सासूची काटकसर अशीच होती. पाहुण्यांचं तूप चालू, सुनेचं ताक बंद."

ताक आमचंच बंद झालं. स्टेशनाजवळच्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींसाठी एक खोली होती. दोन खाटा आणि एक नर्सबाई. नर्सबाईंची जागा काटकसरीत गेली आणि खोलीला कुलूप लागलं. मुलुंड आता ठाणे जिल्ह्यातून मुंबईत जाणार, तेव्हा पुढचं महापालिका बघेल, असं सरकारचं उत्तर. महापालिकेचं म्हणणं, आधी मुलुंड आमच्याकडे येऊ तर द्या. मला तेव्हा सातवा लागला होता, आणि बाळंतपणाला जायला माहेर नव्हतं.

काकू एक सभा सोडेनात. भाषण संपलं की उठून विचारायच्या, "ते सगळं ठीक. खाटांची खोली कधी उघडताय?" लोक हसायचे. 'खाटवाली काकू' असं नावच पडलं. मी म्हटलं, "काकू, राहू दे ना, लोक हसतात."

"हसू दे गं. दिवस तुझे भरत आलेत, त्यांचे नाही."

दिवस भरलेच नाहीत. आठव्यातच एका दुपारी कळा सुरू झाल्या. हे कामावर. काकू धावत दवाखान्यात गेल्या, तर कंपाउंडर म्हणाला, चावी ठाण्याला साहेबांकडे. त्यांनी टांगा आणला आणि मला ठाण्याला घेऊन निघाल्या. वाटेतच झालं. मुलगा होता. रडला नाही. काकूंनी त्याला आपल्या पदरात गुंडाळलं आणि टांगेवाल्याला म्हणाल्या, "आता सावकाश घे रे बाबा, हिला हादरे नकोत."

मग माझं एकच सुरू झालं. कळशी उचलली म्हणून झालं का? उपास केला म्हणून? एकेक आठवून काकूंना विचारायची. त्या तेवढंच म्हणायच्या, "तुझी काही चूक नाही. असती तर मीच सांगितली असती." ते खरंच होतं. आमटीत मीठ जरा जास्त झालं तरी त्या सोडत नसत. म्हणून मला तेवढ्यावर झोप लागायची.

पुढे निवडणूक आली. एका उमेदवाराने बायकांसाठी शाळेच्या हॉलमध्ये हळदीकुंकू ठेवलं. आमंत्रण द्यायला आलेल्या बाईंनी काकूंच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही नक्की या हं." काकू म्हणाल्या, "येऊ आम्ही दोघी."

हळदीकुंकवाला विधवा बाई आलेली तिथे कोणी पाहिली नव्हती. काकूंनी पुढे पाट टाकला. करंडा ओळीने येत होता, तो काकूंपाशी अडला. उमेदवाराची बायको बोट कुंकवात बुडवून तशीच उभी राहिली.

"पुढे जा हो," काकू म्हणाल्या, "मला कुंकू नको. मत मात्र आहे. ते विधवेचंही मोजतात ना?"

एक-दोघी हसल्या, मग कोणी हसेना. उमेदवार हात जोडून पुढे आले. "बोला मावशी."

"खाटांची खोली कधी उघडणार?"

"यंदा राज्याच्या अंदाजपत्रकात तरतूद नाही हो. मुंबईत गेलो की पहिलं काम तेच."

काकूंनी माझ्याकडे बोट केलं. "हिचं पोर वाटेत गेलं. त्याला तोवर थांबता आलं नाही."

"फार वाईट वाटलं मावशी."

"वाटणारच. वाईट वाटायला तरतूद लागत नाही."

त्यांच्या बायकोने घाईघाईने माझी ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. ती भरलेली ओटी सांभाळत मी रडत घरी आले. म्हटलं, "काकू, हा नारळ मला घरात नको. कुठे टाकू?"

"टाकतेस कशाला? नारळाने काय केलंय? उद्या आमटीत घाल."

उमेदवार निवडून आले. मुलुंड मुंबईत गेलं. कुलूप होतं तिथेच होतं. मला पुन्हा दिवस गेले, तेव्हा काकूंनी वाट पाहिली नाही. सातव्यातच मला दादरला आपल्या पुतणीकडे घेऊन गेल्या आणि मोकळी होईपर्यंत स्वतः तिथे राहिल्या. मुलगी झाली. तिला पहिली आंघोळ काकूंनी घातली.

मुलगी चालायला लागली त्या श्रावणात एका दुपारी काकूंना ताप भरला. दवाखान्याचे डॉक्टरही आता रोज येत नव्हते. लगेच ठाण्याला न्यावं, की हे कामावरून येईपर्यंत थांबावं, मला कळेना. काकू म्हणाल्या, "थांबू गं, पोरीला कुठे ओढतेस." मी थांबले. संध्याकाळी टांग्यात बसवताना त्या म्हणाल्या, "पाट घे."

ठाण्याला खाट रिकामी नव्हती. व्हरांड्यात थांबा म्हणाले. काकू भिंतीला टेकून पाटावर बसल्या, अगदी पुढे, दाराला नाक लागेल अशा. आतून बोलावणं आलं तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

पाट माझ्याकडे आहे. दुपारीच निघाले असते तर? हे म्हणतात, तुझी काही चूक नाही. ठाण्याचे डॉक्टरही तेच म्हणाले. दोघेही चांगले, समोरच्याचं मन राखणारे. चूक असती तर तोंडावर सांगणारं माणूस मला एकच होतं, आणि ह्या वेळचं त्यांना विचारायचं राहून गेलं.