अप्पा खाली रिक्षातच होते

सुरुवातीलाच सांगते — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि हे सगळं झाल्यावरही बसलेला नाही. मी नाशिकमध्ये नऊ वर्षं रिक्षा चालवते. स्टँडवर सीटची वाट बघताना, म्हणजे पॅसेंजरची, या ग्रुपवरचे तुमचे भुताखेतांचे अनुभव मोबाईलवर वाचत असते, आणि खरं सांगू? निम्मे वाचून हसू येतं. अमावस्या, पांढरी साडी, घाटात हात दाखवणारी बाई... अहो, हात दाखवणाऱ्या बायका मला रोज भेटतात. त्यातली एकही अजून गायब झालेली नाही. सासूबाईंनी रिक्षाला लिंबू-मिरची बांधली होती, ती मी तिसऱ्या दिवशी सोडून टाकली. तेव्हा "ताईंचा स्वभावच भोळा असणार" असं कोणी लिहू नये.

माझ्या अनुभवात रात्र नाही, अमावस्या नाही. दुपारचे चार वाजले होते, स्वच्छ ऊन होतं आणि शेजारी शाळेच्या सहलीचा नुसता कालवा चालला होता.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पंचवटीतल्या एका लॉजची नाशिक-दर्शनाची भाडी तेव्हा माझ्याकडे असायची. बाईमाणूस चालवतेय म्हटल्यावर फॅमिलीवाले निर्धास्त बसतात, म्हणून मॅनेजर मलाच फोन करायचा. त्या दिवशी तिघं होते. राजेंद्र नावाचे एक साहेब, पुण्याला नोकरी करणारे, त्यांची बायको वर्षा, आणि साहेबांचे वडील. वडिलांना दोघंही अप्पा म्हणत. अप्पा सटाण्याकडच्या एका खेड्यातले, निवृत्त प्राथमिक शिक्षक. धोतर, टोपी, हातात काठी आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. रिक्षात चढतानाच त्यांना मिनिटभर लागलं.

आता नाशिक-दर्शन म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. रामकुंड, कपालेश्वर, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, आणि शेवटी पांडवलेणी. रामकुंडावर साहेब म्हणाले, "अप्पा, घाटावर चिकट आहे, तुम्ही रिक्षातच बसा." कपालेश्वराला पायऱ्या आहेत, तुम्ही रिक्षातच बसा. काळारामाला गर्दी आहे, रिक्षातच बसा, आणि हो, आमच्या चपलांकडे लक्ष ठेवा. सीतागुंफेत तर वाकून, बसून सरकावं लागतं, तिथे विचारायचाच प्रश्न नव्हता. मुलगा वाईट होता असं मी म्हणत नाही. पाणी द्यायचा, औषधाची वेळ सांभाळायचा. पण अप्पांचं दर्शन काय झालं, तर सगळ्या देवळांच्या बाहेरच्या भिंती आणि दोन जोड चपला.

मलाच राहवलं नाही. तपोवनात ते दोघं नदीकडे गेल्यावर मी म्हटलं, "अप्पा, चला की हळूहळू, मी धरते."

तर म्हातारा हसला. "कोनीतरी खाले लागसच ना, माय."

माझं माहेर कळवणचं, त्यामुळे ती बोली मला अर्धीमुर्धी कळते. मग हळूहळू त्यांनी सांगितलं. शाळेची सहल दर वर्षी एसटीने नाशिकला यायची. पोरांच्या पिशव्या, डबे, चपला सांभाळायला एक मास्तर खाली ठेवायचे. अप्पा सगळ्यात नवे, म्हणून पहिल्या वर्षी त्यांना ठेवलं, आणि पुढे ती रीतच पडली. नोकरी संपेपर्यंत सहली आणल्या, पण पांडवलेणी चढले नाहीत. पोरं खाली येऊन सांगायची, गुर्जी असं आहे, गुर्जी तसं आहे. ते ऐकायचे आणि हजेरी घ्यायचे.

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं, कारण माझंही तेच. इतक्या लोकांना मी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी सोडलंय, पण वर काय आहे ते मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. गाडी सोडून जायचं कसं?

चारच्या सुमारास मुंबई नाक्यावरून हायवेने पांडवलेण्यांना पोहोचलो. पायथ्याला रिक्षा लावली. साहेब म्हणाले, "अप्पा—" आणि अप्पांनीच वाक्य पुरं केलं, "हां, बठस मी आठेच." जोडपं दोनशे पायऱ्या चढायला निघालं. अप्पांनी चपला काढून मागच्या सीटवर मांडी घातली. काठी बाजूला उभी केली. मी पुढच्या सीटवर त्यांच्याकडे तोंड करून आडवी बसले, डबा काढला आणि घरचा चिवडा त्यांच्या मुठीत ओतला. मी कुठेही गेले नाही. नंतर सगळ्यांनी विचारलं, चहाला गेली असशील. मी चहा पीत नाही, मला अॅसिडिटी आहे, सगळ्या स्टँडला ठाऊक आहे.

थोडा वेळ शाळेबद्दल बोलले. मग टेकून बसले. डोळे उघडे, नजर रस्त्याकडे... डोंगराकडे नाही, हे लक्षात ठेवा. आणि म्हणाले, "पायऱ्या तपेल शेतस आज."

मी म्हटलं, "कुठल्या पायऱ्या तापल्यात, अप्पा?"

त्यांनी चिवड्याचे दोन दाणे तोंडात टाकले. मग म्हणाले, वारं छान आहे. मग म्हणाले, पाण्याचं टाकं आहे, खडकातच खोदलेलं. मला वाटलं म्हातारा जुन्या पोरांकडून ऐकलेलं आठवतोय. मीही हूं हूं करत राहिले. मग जरा पुढे वाकून, जणू काही बघतोय असं, ते म्हणाले, "खाले सहा जन शेतस. सगळं लेणं खांदावर लिसन बशेल शेतस." लेणं खांद्यावर घेऊन बसलेले हे सहा जण कोण, मला कळेना. पण ते असे हसले, माय, मी आख्ख्या दिवसात त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. साहेब.

"ताई, अप्पांना वर कोणी आणलं?"

मी म्हटलं, "कोणी म्हणजे? अप्पा इथे बसलेत."

"अहो, ते माझ्यासमोर बसलेत! लेण्याच्या ओट्यावर! अनवाणी! तुम्ही कुठे आहात?"

"साहेब, थट्टा करताय का? माझ्यापासून हातभर लांब आहेत. घ्या, बोला."

मी फोन अप्पांना दिला. त्यांनी तो कानाला उलटा लावला, मी सरळ करून दिला. मग म्हातारी माणसं बोलतात तसे मोठ्याने म्हणाले, "हां, राजू. पोचनू मी. तू घाबरू नको." आणि फोन माझ्या हातात परत. मी तो कानाला लावला. नुसता वाऱ्याचा आवाज. मग कट झाला. तो कॉल एक मिनिट चाळीस सेकंदांचा आहे. स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे, कोणाला हवा असेल त्याने मागावा.

मागे सहलीची बस वळत होती. तिच्या क्लीनरने माझ्या हूडवर थाप मारली, "मावशी, गाडी पुढं घ्या!" मी वळले, रिक्षा चालू केली, दोन हात पुढे घेतली आणि आरशात बघितलं.

मागची सीट रिकामी.

किती वेळ गेला असेल? तुम्ही हे वाक्य वाचलंत तेवढा. त्यांच्या चपला रिक्षातच होत्या, काठी जागेवर, पिशव्या जशाच्या तशा. ज्या माणसाला उतरायला मिनिटभर लागतं, तो चालत्या रिक्षातून काठीशिवाय उतरला? शेजारी पेरू विकणारे बाबा बसले होते. त्यांना विचारलं, आमचे म्हातारबा उतरताना दिसले का?

"नाय बा. आत्ता फोनवर बोलत व्हते ना? लय मोठ्यानं बोलत व्हते."

हे त्यांनी सांगितलं, मी नाही.

मग मात्र मी चपला आणि काठी उचलली आणि पायऱ्या धावत सुटले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. निम्म्या वाटेवर ते तिघं उतरताना भेटले. साहेबांनी आणि वर्षाताईंनी दोन्ही बाजूंनी धरलेले अप्पा... अनवाणी, तळवे धुळीने लाल. एका मुठीत माझा चिवडा. मला बघून म्हणाले, "आनात का चपला? बरं व्हयनं."

मी खाली बसून त्यांच्या पायात चपला घातल्या. पाय गरम होते. हाडामांसाचे होते. भूत-बित काही नाही, तेही लिहून ठेवा.

साहेबांनी मला तिथेच झापायला सुरुवात केली. म्हाताऱ्या माणसाला सोडून गेलात, पाय घसरला असता तर? मी म्हटलं, मी सोडलं नाही. ते म्हणाले, मग वर कसे आले? मी म्हटलं, ते मला माहीत नाही, पण मी सोडलं नाही. "फोनवर तुम्ही ऐकलंत ना त्यांना?" मी विचारलं. साहेबांनी बायकोकडे बघितलं. वर्षाताई पायऱ्यांकडे बघत म्हणाल्या, "रेंज नव्हती नीट."

लॉजवर पोहोचल्यावर साहेबांनी मॅनेजरला सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात, चार गिऱ्हाइकांसमोर. मॅनेजर माणूस वाईट नाही, पण त्याला भानगड नको असते. त्याने मला बाजूला घेतलं. "संगीताताई, दोन ओळी लिहून द्या. चूक झाली, माफ करा. विषय संपला. उद्यापासून भाडी चालू." आणि कागदावर स्वतःच लिहूनही काढलं — 'प्रवाशास एकटे सोडून मी रिक्षापासून दूर गेले. चूक कबूल आहे.' खाली सहीसाठी रेघ.

लोक विचारतात, सही केली असती तर काय बिघडलं असतं? हेच तर माझं म्हणणं आहे — सगळं बिघडलं असतं. बाई रिक्षा चालवते म्हटल्यावर पहिल्या दिवसापासून लोक वाट बघत असतात, ही कधी चुकते. नऊ वर्षांत मी एकाची पिशवी हरवू दिली नाही, आणि आता एक आख्खा माणूस सोडून गेले असं माझ्या हाताने लिहून देऊ? जे झालं ते मला समजलं नाही, हे मी हजार वेळा कबूल करेन. पण समजलं नाही म्हणून खोटं बोलू का?

मी पेन घेतलं, त्या दोन ओळींवर काट मारली आणि खाली लिहिलं — 'प्रवासी पूर्ण वेळ माझ्यासमोर रिक्षात होते.' सही केली. कागद परत टेबलावर सरकवला.

साहेब म्हणाले, "बघा, बघा किती खोटं!" मॅनेजर म्हणाला, मग ताई, माझाही नाइलाज आहे.

अप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. दिवसभर जसं त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, तसं आताही विचारलं नव्हतं. ते काठी टेकत उठले, टेबलाशी आले आणि पेनसाठी हात पुढे केला.

"अप्पा, तुम्ही बसा," साहेब म्हणाले.

"बठनू मी. दिवसभर बठनूच शे."

कागद स्वतःकडे ओढून, माझ्या ओळीखाली त्यांनी फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात लिहिलं — 'वरील मजकूर खरा आहे. मी रिक्षातच होतो.' त्याखाली सही, आणि सहीखाली 'निवृत्त प्राथमिक शिक्षक'.

साहेबांचा चेहरा पडला. "अप्पा, अहो, तुम्ही वर होतात! आम्ही दोघांनी धरून खाली आणलं तुम्हाला!"

"वर बी मीच व्हतू," अप्पा म्हणाले. "पन माले कोनी इचारं का, काय दखं म्हनीसनी?"

वर्षाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्या अप्पांजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "काय दिसलं, अप्पा?" आणि म्हातारा तिथेच उभ्याउभ्या सांगायला लागला, टाक्यापासून.

मी निघून आले. लॉजची भाडी त्या दिवसापासून बंद आहेत, मी आता निमाणीच्या स्टँडवर असते. नंतर एकदा सुट्टीच्या दिवशी, रिक्षा घरी ठेवून, पांडवलेणी चढून आले. ते सहा जण तिथे आहेत, दगडात कोरलेले, छातीपर्यंत जमिनीत, आख्खं लेणं खांद्यावर. आता तुम्ही म्हणाल, पोरांनी सांगितलं असेल. असेल. तुम्ही म्हणाल, म्हातारा तुझी नजर चुकवून गेला. मग फोनवर कोण बोललं? तुम्ही म्हणाल, ताई, नारळ उतरवून टाका. मी उतरवणार नाही. उतरवण्यासारखं माझ्या अंगावर काही आलेलंच नाही.

एक माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी कसा असतो, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि मी ते बनवूनही सांगणार नाही. ज्याला मला खोटं ठरवायचंय त्याने खुशाल ठरवावं. फक्त एवढं ध्यानात असू द्या, त्या कागदावर माझी एकटीची सही नाही.