चहा खाली ठेवा

जगात सपाट असं काहीही नसतं, यावर माझ्या मामेसासऱ्यांचा जेवढा विश्वास आहे तेवढा देवावरही नसेल. लिंबागणेशच्या आसपास कुणी गच्ची बांधली की उतार बघायला मामांना बोलावणं जायचं. मामा कोपऱ्यात उकिडवे बसत, एकच नजर टाकत आणि बोट दाखवत, "पानी हितं थांबनार." बादली ओतली की पाणी मुकाट्याने तिथेच थांबायचं. माझ्या लग्नात चौरंग कललाय म्हणून त्यांनी भटजींना मंत्र म्हणता म्हणता उठवलं होतं, आणि भटजीही उठले होते.

गेल्या वर्षी मामांनी एक नवाच नियम काढला. चहा हातातून हातात द्यायचा नाही. "चा खाली ठिवा, जावईबापू. हातात दिला की वैर वाढतंय." मीठमिरचीचं मी ऐकलं होतं, चहाचं कधीच नाही. पण मामा बोलले म्हणजे संपलं. महिन्याभरात अख्ख्या भावकीतले कप जमिनीवर आले. मामा आधी जमिनीला हात टेकवायचे आणि मग बोटं सरकवत कप गाठायचे. सांडलाच, तर कप सरकला म्हणायचे.

मग माझी गच्ची झाली. मामांनी चार फेऱ्या मारल्या, गाल जवळजवळ फरशीला लावला आणि "लई झ्याक" म्हणाले. बादली ओतली, तर पाणी जिन्यावरून थेट आमच्या पिठाच्या डब्यात. "बादली वाकडी धरली तुमी," मामा म्हणाले आणि तावातावाने जिना उतरू लागले. एक पायरी शिल्लक असताना जमीन आली असं समजून त्यांनी पाय टाकला. मी दंड धरला म्हणून वाचले.

ते पायरीवरच बसले. "डाव्या डोळ्यानं सालभर दिसंना," ते म्हणाले. "एका डोळ्यानं समदं दिसतंय, पन भितीवरल्या फोटूवानी. जवळ काय, लांब काय, उतार कुठला, काई कळत न्हाई. कुनाला सांगू नका. मला कोन बोलवंल मग?"

पिठाचा राग माझा मी गिळला. मामींना सांगितलं आणि दोघांनी मिळून त्यांना बीडला नेलं. मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावलं, दोन डोळे दोन जागांवरून बघतात, म्हणून अंतर कळतं. "म्हंजी दोन साक्षीदार लागत्यात," मामा म्हणाले आणि ऑपरेशनला तयार झाले. आम्हीच घाबरलो होतो. हा डोळा साधला नाही, तर मामांचं उरणार काय?

पट्टी निघाल्यावर परतताना मांजरसुंब्याला धाब्यावर थांबलो. काळा चष्मा जरा वर करून मामांनी टेबल पाहिलं. "तुमच्या अंगाला कललंय." मी पाण्याचे दोन थेंब टाकले. ते माझ्याकडे ओघळले, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी उगाच हसत सुटलो.

मामींनी सवयीने कप त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला. मामांनी कपाकडे पाहिलं, मग मामींकडे, आणि हात पुढे केला.

"हातात द्या की."

वर्षभरात मामींनी त्यांच्या हातात कप दिला नव्हता. त्यांनी कप उचलला. मामांची बोटं न चाचपडता थेट कपाच्या कानावर गेली. थोडा चहा सांडलाच, पण तो मामींचा हात थरथरला म्हणून.

"कप सरकला," मामा हळूच म्हणाले.