टॉवरच्या मॉडेलसमोर टेबलफॅन

"मॅडम, हे कपाट आहे की बिल्डिंग?"

रजिस्टरमधला तिसऱ्या दिवसाचा हा पहिला शेरा. बेलापूरला होऊ घातलेल्या वीस मजली टॉवरचं मॉडेल आमच्या ऑफिसनं वाशीच्या एका हॉलमध्ये ठेवलं होतं. लोकांनी पाहावं, मत लिहावं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी ज्युनिअर आर्किटेक्ट, म्हणून रजिस्टरपाशी बसायचं काम माझ्याकडे. कुणी लिहिलं, 'लिफ्ट बंद पडली तर?' कुणी, 'छान. मुंबईसारखं.' आमचे बॉस गुप्तेसाहेब संध्याकाळी येत, शेरे वाचून हसत आणि रजिस्टर मिटत.

त्या दिवशी तळवलीहून हिराजीबाबा आले. सत्तरीचे, सारा जन्म मिठागरात गेलेला. लिहिता येत नव्हतं. मॉडेलभोवती दोन फेऱ्या मारून ते खाली वाकले.

"बाय, ही मधली फट कशाला?"

टॉवरचे दोन भाग होते. त्यांच्यामध्ये तळाशी मोठा मोकळा पॅसेज आणि त्यातच मेन एन्ट्रन्स. साहेबांची ही सगळ्यात लाडकी कल्पना.

"इथून खाडी दिसेल, बाबा."

"मंग खाडीचा वारा पन इथनंच घुसंल. आषाढात मानूस उभा ऱ्हायाचा नाय. मिठागरावरच्या झोपडीचं दार आमी कदी खाडीकडं ठेवत नाय."

मी ते लिहून घेतलं. साहेब आले तेव्हा वाचून दाखवलं. बाबा बसची वाट बघत बाकावरच होते.

"अगं, टॉवर आहे हा. झोपडी नाही," साहेब म्हणाले.

पंधरा दिवसांत फाउंडेशनचं टेंडर निघणार होतं. पाया एकदा ठरला की एन्ट्रन्स हलवणं जवळजवळ अशक्य.

बाबा उठले. "सायेब, तो टेबलावरचा पंखा हिकडं फिरवा ना."

मी पंखा मॉडेलच्या खाडीकडच्या बाजूला ठेवला. पर्समधल्या रिळाचे दोरे तोडून मॉडेलला ठिकठिकाणी चिकटवले. बटण दाबलं. बाहेरचे दोरे नुसते हलले. पॅसेजमधले ताठ आडवे झाले. एन्ट्रन्सपाशी लावलेली पुठ्ठ्याची माणसं उडून फरशीवर पडली.

साहेबांनी खाली बसून ती माणसं एकेक करून वेचली.

"ही काही टेस्ट नव्हे," ते म्हणाले. मग माणसं टेबलावर ठेवत, "पण टेस्ट करून घेऊ."

इंजिनिअरिंग कॉलेजात मॉडेलवर मोजून वारा सोडला. उंच भिंतींमधल्या फटीत वारा दाबला जातो आणि त्याचा वेग वाढतो, असा रिपोर्ट आला. क्लायंटच्या मीटिंगमध्ये साहेब सरळ म्हणाले, "चूक माझी. ड्रॉइंग बदलतोय." टेंडर लांबलं. एन्ट्रन्स पूर्वेला गेला, पॅसेज बंद झाला. साहेबांनी त्याचं खापर माझ्यावर फोडलं नाही, हे मी अजून विसरलेले नाही.

टॉवर उभा राहिला. पहिल्या आषाढात मी एन्ट्रन्सपाशी छत्री उघडून उभी राहिले. छत्री सरळ राहिली. खाडीकडच्या बाजूला गेले तर क्षणात उलटली.

त्याच रविवारी तळवलीला गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. त्यांचे आभार मानले. बाबांना त्याचं काही विशेष वाटलं नाही.

"दार फिरवलं ना? मंग झालं. बस, च्या घे."

तेव्हापासून माझ्या प्रत्येक कामाचं मॉडेल लोकांपुढे टेंडरच्या बरंच आधी ठेवते. आणि तिथं नुसतं पेन बांधून ठेवत नाही, लिहून घेणारा माणूस बसवते.