धाकटीचा स्वच्छ रिपोर्ट

थोरलीला धाकट्या जावेचं सगळंच खुपायचं. दोघी पडद्यांच्या कारखान्यात शेजारशेजारच्या मशीनवर बसायच्या. वेणीचं कौतुक व्हायचं ते धाकटीच्या. घरी आल्याबरोबर ती आडवी व्हायची आणि सासूबाई म्हणायच्या, "निजू दे गं, दमते पोर." मग थोरली काय पिसं वेचून येत होती?

धाकटी केसांसाठी गोळ्या घ्यायची. थोरलीने गुपचूप त्याच आणल्या आणि मशीनच्या खणात रिळांमागे दडवल्या. धाकटी रोज एक घ्यायची, म्हणून थोरली दोन.

कारखान्यात सगळ्यांची रक्ततपासणी झाली. धाकटीचा रिपोर्ट स्वच्छ आला, थोरलीच्या थायरॉइडचे आकडे मात्र भलतेच. इथेही धाकटीच पहिली, थोरली मनात म्हणाली आणि एकटीच दवाखान्यात गेली.

"हे खरं असेल तर थायरॉइड फार जोरात चालतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुढे हाडं ठिसूळ होतील, हृदयाची लय बिघडेल. आश्चर्य एवढंच की तुमची नाडी शांत आहे, हातही थरथरत नाही. केसांच्या गोळ्या वगैरे घेता का?"

थोरलीने मान खाली घातली. "दोन."

"मग बंद करा, काही दिवसांनी पुन्हा तपासू. त्या गोळ्यांनी तपासणी फसते. चांगल्याचं वाईट दिसतं, कधी वाईटही चांगलं दिसतं."

शेवटचं वाक्य थोरलीच्या डोक्यात घोळत राहिलं. घरी येऊन बघते तर दिवे लागायच्या आतच धाकटी पांघरुणात गुरगुटून झोपलेली. उकाड्यातसुद्धा तिचे पाय गार असायचे. तिला सांगायचं तर आपली चोरी उघडी पडणार. न सांगितलं तर? थोरली दारातून आत आली. मग तिने पांघरूण ओढलं.

"ऊठ. तुझा रिपोर्ट खोटा असेल. गोळ्या बंद कर आणि परत रक्त दे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी. मीही त्याच घेत होते."

धाकटी डोळे चोळत उठून बसली. "माझ्याच गोळ्या? आणि ताई, तरी शेपटी तेवढीच?"

"दात काढू नकोस. जायचंय."

दुसऱ्या तपासणीत थोरलीचं रक्त ठणठणीत निघालं. धाकटीचं थायरॉइड मंदावलेलं होतं. असंच चाललं असतं तर पुढे कोलेस्टेरॉल, हृदय, सगळ्याला धोका होता. तिला थायरॉइडची गोळी सुरू झाली.

आता धाकटी संध्याकाळी झोपत नाही. कारखान्यात तिचे पडदे थोरलीच्या आधी शिवून होतात आणि मुकादम सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटतो.

"काय औषध लागू पडलंय हिला," परवा सासूबाई म्हणाल्या.

"हो ना," थोरली म्हणाली आणि हातातलं भांडं जरा जोरातच ठेवलं. मग धाकटीकडे वळून म्हणाली, "आजची गोळी घेतलीस का?"