झेंड्याचं औक्षण
तुपाच्या वातीचा वास आला, की मला उंब्रजच्या चावडीपुढची पहिल्या स्वातंत्र्यदिनाची सकाळ आठवते. झेंड्याला ओवाळायला सवाष्ण हवी म्हणून मला बोलावलं होतं. माझा नवरा इंग्रजांच्या पलटणीतून धडधाकट परतला होता. शेजारच्या अक्कांचा नवरा भूमिगत होता, तो उसाच्या फडात पोलिसांच्या गोळीनं गेला. मी तबक त्यांच्यापुढं धरलं. "आवं अक्का, मान तुमचा हाय." त्या मागं सरल्या. "माजं कपाळ पांढरं. तूच ववाळ गं." मी पुन्हा आग्रह केला नाही. सगळे वर झेंड्याकडं बघत होते, माझी मान वर होईना. वारा सुटला, तेव्हा ज्योत विझू नये म्हणून अक्कांनीच पदर आडवा धरला. आजही पंधरा ऑगस्टला मी नुसते हात जोडते, ओवाळत नाही.